काम्शातआपांची तिसरी चूक

काम्शातआपांना कंपनीनं दोनदा लेखी ताकीद दिली होती. दोन्ही पत्रं मीच लिहिली, आणि दोन्ही वेळा आपांनी ती मलाच मोठ्यानं वाचायला लावली, कारण त्यांचा चष्मा म्हणे घरी राहिला होता. घर म्हणजे त्याच इमारतीत तळमजल्यावरची एक खोली. दोन मिनिटांत चष्मा आणता आला असता. पण ज्यानं लिहून बोल लावले त्यानं ते तोंडानंही लावून दाखवावेत, असा त्यांचा खाक्या होता.

पहिली चूक अशी, की एका जपानी जोडप्याच्या ओट्यावर त्यांनी टोपलीभर गरम बाउर्साक, तळलेले कणकेचे गोळे, झाकून ठेवले. जोडपं फिरून आलं आणि घाबरलं. आमच्या पाठीमागे कुणी आत येऊन तळण केलं का, अशी त्यांनी चौकशी केली. दुसरी चूक ताश्कंदच्या एका व्यापाऱ्याच्या बाबतीतली. तो तापानं फणफणला होता, त्याच्या छातीला यांनी मेंढीच्या शेपटाची चरबी चोळली आणि वर चार रजया घालून त्याला घाम आणला. तो बरा झाला, जाताना शेऱ्यात आम्हाला पाचपैकी पाच चांदण्या देऊन गेला. तरी ताकीद ती ताकीदच. तिसऱ्या वेळी कायमचं घरी बसायचं, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

आमच्या कंपनीचं नाव कोनिस. जिथं प्रवासी घोड्यावरचं ओझं उतरवतो ती जागा. नाव जुनं, धंदा नवा. अल्माटीत डोंगराच्या बाजूला एका जुन्या, दणकट इमारतीतले चौदा फ्लॅट आम्ही घेतले, झकास सजवले आणि प्रवाशांना राहायला देतो, दोन दिवस म्हणा, दोन महिने म्हणा. पाहुणा येतो, दारावर आकडे दाबतो, आत जातो. चादरी पांढऱ्याशुभ्र, कॉफीचं यंत्र तयार, खिडकीत बर्फाचे डोंगर. आमच्यापैकी कुणाचंही तोंड त्याला बघावं लागत नाही, आणि त्याचेच तो चढे पैसे देतो. "लोकांना घर हवं असतं, घरातली माणसं नको असतात," हे आमच्या मालकाचं, मादियारचं, आवडतं वाक्य. मादियार एकतीस वर्षांचा आहे, हुशार आहे, आणि एका जागी दहा मिनिटं बसू शकत नाही. मी गौहर. मी पाहुण्यांशी बोलते, म्हणजे टाइप करते. माझं नाव कुणाला ठाऊक नसतं, निरोपाखाली 'तुमचा कोनिस' एवढंच जातं. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार आहे सगळा, पण पगार वेळेवर होतो.

आणि काम्शातआपा या सगळ्याच्या चादरी सांभाळतात. वय अठ्ठावन्न, बांधा आखूड, चाल अशी की जमीन हलत असावी. सत्तावीस वर्षं त्या रेल्वेत डब्यावरच्या अटेंडंट होत्या, अल्माटी ते अक्तोबे आणि परत. छत्तीस बर्थ, छत्तीस चादरी, छत्तीस पेले चहा, आणि वाटेत जन्मलेली दोन बाळं, त्यातलं एक आपांच्या हातावर. माणूस डब्यात चढला की पायरीवरच त्यांना कळायचं, हा घोरणारा आहे, ही रडणारी आहे, याच्याकडे तिकीट नाही. असल्या बाईला आम्ही सांगितलं होतं की पाहुणा बाहेर गेल्याशिवाय आत जायचं नाही, आणि तो समोरून आला तर जिन्यावर मागे वळायचं. "म्हणजे मी भूत," आपा म्हणाल्या होत्या. "बरं. भुताला पगार किती?"

त्या मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला कंपनीचा फोन वाजला. आम्हाला फोन कुणी करत नाही, सगळे लिहितात, म्हणून मी दचकले. पलीकडे म्हातारा आवाज होता, उघड्या माळावर वाऱ्यात उभं राहून बोलत असल्यासारखा.

"पोरी, सतरा नंबरात आमचा क्वानिश उतरलाय नव्हं? मी त्याचा मामा, कझालीहून बोलतोय. त्यानं आईला खोलीचा फोटो धाडला होता, त्याच्याखाली ह्यो नंबर हाय."

"पाहुण्यांची माहिती आम्ही देत नाही, आगा."

"माहिती नको मला. त्याची आई गेली. आज पहाटं."

मी समोरच्या पडद्यावर सतरा नंबरची नोंद उघडली.

"त्याला अजून ठावं नाय," मामा म्हणाले. "आन् फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हं, तुला काय सांगायचं, तूबी आपल्यातलीच. पर हल्लीची पोरं लई आगाऊ. कुणीतरी फोनवर मेणबत्तीचं चित्र टाकून मोकळं होणार. त्याच्या आधी त्याला इमानात बसवा. आई जरा आजारी हाय म्हणा. तीन चाळीसचं तिकीट काढलंय. उद्या दुपारी माती द्यायची, तवर थांबतो आम्ही. इथं आला की आम्ही म्हातारी माणसं बघून घेऊ."

"आगा, आम्ही खोल्या देणारी माणसं. असल्या गोष्टीत आम्ही..."

"तुमच्यात कुणी मोठं बाईमाणूस हाय का?"

होतं. पंचाईत तीच होती.

फोन ठेवण्याआधी मामांनी विचारलं, तेवढं त्या खोलीतलं इंटरनेट बंद करता येतंय का. येतं. मी बसल्या जागेवरून सतरा नंबरचा वायफाय बंद केला, एका बटणाचं काम. क्वानिश वॉर्सात नोकरीला होता, फोनमध्ये सिम तिकडचं, इथं तो वायफायवरच चालायचा. आल्या दिवशी त्यानंच मला लिहिलं होतं की गुरुवारी एका मोठ्या कंपनीपुढे त्याला आपलं काम मांडायचंय, तोवर वायफाय जोरात हवा, आणि शुक्रवारी तो गावी आईकडे जाणार. मी उत्तरात हसरा चेहरा धाडला होता.

वायफाय गेला की माणूस अर्धा तास वाट बघतो, मग खालच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसतो. तिथं त्याचा फोन जागा झाला असता. म्हणजे माझ्या हातात अर्धा तास होता. एका माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी त्याला कॉफीच्या रांगेत उभं असताना, एका चित्राखाली वाचायला मिळायला नको, एवढंच मला कळत होतं. बाकी काही सुचत नव्हतं. मी तळघरात, चादरींच्या खोलीत धावले.

आपा इस्त्री करत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. "तुम्ही फक्त दारात उभं राहून सांगायचं, आपा, आई आजारी आहे, गाडी खाली उभी आहे. मी सामान भरते. पाच मिनिटांचं काम."

"खोटं सांगायचं?"

"त्याचे मामाच म्हणालेत."

आपांनी इस्त्री बंद केली, चादरीची घडी पुरी केली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"माझा तोलेगेन गेला तेव्हा मी गाडीवर होते," त्या म्हणाल्या. सहा वर्षं आम्ही एकत्र काम करतोय, नवऱ्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. "गाडी अक्तोबेहून सुटली तेव्हाच अख्ख्या गाडीला कळलं होतं. गार्डाला, जेवणाच्या डब्यातल्या पोरींना, सगळ्यांना. वरून निरोप होता, बाईला सांगू नका, घरी पोचली की नातेवाईक सांगतील. दोन दिवस, पोरी! जो तो माझ्या हातातली किटली काढून घेतोय. 'बसा आपा, चहा आम्ही देतो.' मला वाटलं, बढती झाली की काय माझी. माझ्या डब्यात लग्नाचं वऱ्हाड होतं, त्यांनी आग्रह केला, तर मी गायले. दोन गाणी. कुणी थांबवलं नाही. अल्माटीच्या फलाटावर माझ्या नणंदा-भावजया ओळीनं उभ्या बघितल्या आणि मी खिडकीतून हसून हात हलवला. वाटलं, कुणी हजला निघालंय."

त्यांनी घडी घातलेली चादर ढिगावर ठेवली.

"वाईट कुणीच नव्हतं त्यात. भल्यासाठीच केलं. पण ते दोन दिवसांचं हसू मला अजून गिळता आलेलं नाही. बावीस वर्षं झाली. त्या पोराला मी विमानात खोट्याच्या शेजारी बसवणार नाही."

"मग फोनवर कळू द्यायचं?" माझा आवाज चढला. मला रागच आला होता, त्यांचा, मामांचा, माझ्या बटणाचा. "आणि तुमची नोकरी? पाहुणा आत असताना दार उघडलंत तर मादियार तिसरं पत्र—"

"फोनवर कशाला? लपवायचं नाही आणि एकट्याला सांगायचंही नाही. आपल्यात एवढंच तर शिकवलंय. माणसं लागतील. मी, तू, आणि एखादा वयाचा पुरुष."

इमारतीत कायमचं राहणारं वयाचं पुरुषमाणूस एकच उरलं होतं, आणि ते आमचं वैरी. तिसऱ्या मजल्यावरचे सेइतकालीआगा, भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांच्या डोक्यावरच सतरा नंबर. वर्षभरात त्यांनी आमच्याविरुद्ध तेवीस अर्ज केले होते. बॅगांची चाकं, पहाटेचे नळ, वरचं बोलणं, सगळ्याची तारीख-वेळ लिहून ठेवलेली. त्या अर्जांना गोड उत्तरं मीच लिहायची.

त्यांनी दार उघडलं आणि मला बघून त्यांचा चेहरा आंबट झाला. "या, कोनिसवाले! काल रात्री अकरापर्यंत तुमचा पाहुणा भिंतीशी भाषण करत होता. चोविसावा अर्ज लिहूनच ठेवलाय. नेता का हातोहात?"

"त्या पोराची आई गेली, सेइतकाली," आपा म्हणाल्या. "त्याला ठाऊक नाही."

मास्तरांनी दार पूर्ण उघडलं. "कुठला?"

"कझालीकडचा. बाप आधीच नाही. मामा आहे."

ते आत गेले. परत आले तेव्हा अंगात कोट होता, डोक्यावर काळी मखमली टोपी. दारात उभं राहून त्यांनी पायांकडे बघितलं. "बूट घालू का चपला?" असं त्यांनी अगदी लहान मुलासारखं विचारलं. आपा म्हणाल्या, "बूट. सांगायला निघालोय आपण."

सतरा नंबरवर आपांनी तीनदा दार वाजवलं. उत्तर नाही. आतून बोलण्याचा आवाज येत होता, इंग्रजी. कानांत काहीतरी घालून तो भाषणाचा सराव करत असणार. मग आपांनी कर्मचाऱ्यांचा आकडा दाबला. पाहुणा आत असताना तो आकडा दाबला की मादियारच्या फोनवर घंटी वाजते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

क्वानिश हॉलच्या मधोमध उभा होता, वर इस्त्रीचा सदरा आणि खाली अर्धी चड्डी. आम्हाला बघून त्यानं कानांतलं काढलं. एकोणतीस वर्षांचा, लांब हातांचा, सभ्य पोरगा. टोपीवाल्या आगांना बघितल्याबरोबर त्यानं सवयीनं छातीवर हात ठेवून सलाम केला आणि मग ओशाळला.

"आगा, माफ करा. काल मी मोठ्यानं बोलत होतो ना? सराव करत होतो. खालच्या घरी ऐकू जातं हे लक्षात नाही आलं."

"विजार घाल, बाळ," आपा म्हणाल्या. "मग बस. चहा टाकते."

तो विजार घालून आला आणि मेजाशी बसला. आपांनी त्याच्यासमोर चहा ठेवला आणि त्याच्या उजव्या बाजूला बसल्या. डावीकडे मी. समोर मास्तर. मास्तरांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, जशी करायची असते तशी, लांबून. सिरदर्याच्या काठावरच्या झाडांबद्दल बोलले. नदी जुनी वाट सोडून जाते तेव्हा काठ कसा उभा राहतो, ते बोलले. ज्या तंबूनं सावली दिली त्याचा मधला वासाही एक दिवस थकतो, असं म्हणाले. सुंदर बोलत होते. वर्गात असंच शिकवत असतील, पोरं गप्प बसत असतील.

क्वानिश मान हलवत होता, आणि हळूच घड्याळाकडे बघत होता. "आगा," तो शेवटी अदबीनं म्हणाला, "तुमचं बोलणं फार छान आहे. पण मला अकराला वॉर्साशी बोलायचंय, आणि सकाळपासून वायफाय नाही. तुम्ही त्याच्यासाठीच आलात ना?"

मास्तरांनी टोपी सरळ केली आणि आपांकडे बघितलं. मला वाटलं, आपण उठावं आणि पळून जावं. पोरगा वॉर्सात सात वर्षं राहिला, त्याला ही झाडं आणि हे काठ कुणी शिकवलेच नव्हते.

आपांनी त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "ताकाला येऊन भांडं किती लपवायचं," त्या म्हणाल्या. "बाळ, तुझी आई वारली. आज पहाटे. घरात, आपल्या अंथरुणावर, तुझा मामा जवळ होता. उद्या दुपारी माती द्यायची आहे, तुझ्यासाठी थांबलेत."

त्यानं हात सोडवून घेतले, हलकेच, आणि उठला. लॅपटॉप मिटला. वायर गुंडाळली. पलंगावरची चादर सरळ केली. मग चहाचे पेले उचलून ओट्याशी गेला आणि नळ सोडून धुवायला लागला. एक पेला त्यानं तीनदा विसळला. दाराच्या मागे आमची नियमांची पाटी आहे, मीच लिहिलेली. निघण्यापूर्वी कृपया भांडी विसळून ठेवावीत, असं तिच्यावर आहे. आयुष्यात मला स्वतःच्या अक्षरांची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"ठेव ते," आपा म्हणाल्या. "रड, बाळ."

"इथं?" तो म्हणाला. त्यानं चोहीकडे बघितलं, पडद्यांकडे, कॉफीच्या यंत्राकडे. आवाज अगदी खाली होता. "इथं नको. शेजाऱ्यांना त्रास होतो."

सेइतकालीआगा उठले. खुर्ची मागे पडली. "शेजारी मी आहे," ते म्हणाले. "तू रड!"

आणि त्यांनी त्याला कवेत घेतलं. पोरगा त्यांच्यापेक्षा वीतभर उंच, तो वाकला, आणि मग त्याच्या पोटातून जो आवाज निघाला तो सगळ्या मजल्यांवर गेला असेल. आपांनी शोकाचा हेल काढला. मी हेल कधी काढलेला नाही, आजीच्या वेळीही नाही, मला येतच नाही असं मी समजत होते. त्या दिवशी तो माझ्या गळ्यातून आपोआप निघाला.

त्याच वेळी मादियार पोचला. जिना धावत चढून आलेला, हातात फोन, चेहरा लालबुंद. "आपा, काय चाललंय काय? पाहुणा आत असताना तुम्ही तिसऱ्यांदा—" एवढं त्याचं बोलणं मी ऐकलं. मग त्याच्या कानांवर हेल गेला. तो उंबऱ्यावर थबकला. त्यानं पोराकडे बघितलं, मास्तरांच्या टोपीकडे बघितलं. त्याला कुणी काही सांगितलं नाही. फोन त्याच्या हातातून पायपुसण्यावर पडला, दोन्ही हात पसरले गेले आणि तो ओरडला, "ओय, बाउरम!" अरे माझ्या भावा! त्याचे आजोबा ओरडत असतील तसा, पूर्ण छातीतून. नाव माहीत नसलेल्या त्या पाहुण्याला त्यानं मिठी मारली आणि ढसाढसा रडला. दहा मिनिटं एका जागी न बसणारा आमचा मादियार त्या दिवशी पाऊण तास त्या पोराचा हात धरून बसला होता.

आपांनी कणीक मळली आणि शेल्पेक तळायला घेतले, सात, गेलेल्या जीवाला तेलाचा वास पोचावा म्हणून. तिसऱ्या शेल्पेकला छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. मी मादियारकडे बघितलं. ते यंत्र त्यानं परदेशातून मागवलं होतं, त्याच्या अभिमानाची गोष्ट. तो खुर्चीवर चढला, यंत्र पिळून काढलं, बॅटरी खिशात टाकली आणि म्हणाला, "तळा, आपा."

मग मी वायफाय चालू केला. क्वानिशचा फोन थरथरायला लागला, एकामागून एक, थांबेचना. पहिलाच निरोप मेणबत्तीच्या चित्राचा होता, कुणा वर्गमित्राचा. वेळ बघितली, आठ वाजून बारा मिनिटं. त्यानं फोन पालथा घातला आणि शेल्पेकचा तुकडा तोडला.

मामांना फोन आपांनी लावला. आपण ठरलं त्याच्याविरुद्ध वागलो, हे त्यांनी आधी सांगून टाकलं. पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. मामा रागावणार, असं मला वाटलं, आणि रागवायचा त्यांना हक्क होता.

"रडला का?" मामांनी विचारलं.

"रडला."

"एकला व्हता?"

"नाही. चौघं होतो."

"मग ठीक हाय," मामा म्हणाले, आणि मग त्यांचाच बांध फुटला.

विमानतळावर त्याला मादियारनं स्वतः नेलं. तिसऱ्या पत्राचं मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

इथं ही गोष्ट संपली असती तर आम्ही सगळे फारच चांगले ठरलो असतो. पण चौथ्या दिवशी मादियार माझ्या मेजाशी आला. डोळ्यांत ती नवी कल्पना सुचल्यावरची चमक. "गौहर, हे लिहायला हवं. नाव नको, गाव नको. पण लोकांना कळू दे, कोनिस म्हणजे नुसत्या चादरी नाहीत. आपण वेगळे आहोत." तो मनापासून बोलत होता, खोटा तो त्या दिवशीही नव्हता आणि आजही नव्हता. मी लिहिलं. चांगलं लिहिलं, वाचून माझेच डोळे भरले, आणि खाली आरक्षणाचा दुवा जोडला.

पाठवण्याआधी आपांना दाखवावं म्हणून मी तळघरात गेले. मादियारही मागोमाग आला. आपांचा चष्मा अर्थातच घरी होता. मी वाचलं. त्यांनी हातातली उशी भरणं न थांबवता ऐकलं.

"छान लिहितेस," त्या म्हणाल्या. "आता पुसून टाक."

"आपा, त्याचं नाव कुठंच नाही," मादियार म्हणाला.

"रडणं आहे ना त्याचं? खोली तुझी, पलंग तुझा, भाडं लाव. रडणं त्याचं आहे. तेही सजवून देणार आहेस का प्रवाशांना?" मग त्यांनी उशी थोपटली. "तू त्याला मिठी मारलीस तेव्हा मला तुझी आई असावंसं वाटलं होतं, इतका अभिमान वाटला. तो एवढ्यात खर्च करू नकोस."

मादियारचे कान लाल झाले. मी त्याच्यासमोरच पुसलं. आता हे सांगतेय ते क्वानिशला विचारून, आणि याच्याखाली दुवा नाही.

आईचा चाळिसावा दिवस करून तो वॉर्साला परत निघाला तेव्हा एक रात्र अल्माटीत थांबणार होता. मादियारनं सतरा नंबर मोकळा ठेवला, स्वतः त्याला लिहिलं की पैशाचं नाव काढू नकोस. त्यानं आभार मानले. पण संध्याकाळी तो आला तो तळमजल्यावर, आपांच्या दाराशी, हातात चाळिसाव्याच्या पंगतीतून आणलेलं गाठोडं, त्यात गोड गोळ्या, बाउर्साक आणि सुके मासे. सेइतकालीआगा आले, मी होतेच. एवढ्याशा खोलीत गुडघ्याला गुडघे लावून आम्ही जेवलो. मास्तरांनी त्याला सिरदर्याच्या झाडांचं सगळं पुन्हा सांगितलं, आणि या वेळी त्यानं मध्येच थांबवून दोन-तीन गोष्टी विचारल्या. वर सतरा नंबरात दिवे, गरम पाणी, डोंगर, सगळं तयार होतं. तो आपांच्या जमिनीवर, दोन रजया अंथरून झोपला.

सकाळी मी चहाला गेले तेव्हा तो विमानतळाकडे निघून गेला होता. त्यानं अंथरुणाची चौकोनी घडी घालून कोपऱ्यात ठेवली होती. मी सवयीनं वरची चादर ओढली आणि धुण्याच्या पिशवीत टाकायला निघाले.

आपांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"ती कुठं नेतेस?" त्या म्हणाल्या. "घरच्या माणसाचं अंथरूण एका रात्रीत धुवायला टाकतात का कुणी?"

आणि त्यांनी चादर पुन्हा घडीवर ठेवली, घडी उचलून लाकडी पेटीवर ठेवली, आणि माझ्यासाठी चहा ओतला.